एकोणीस मीटर

मॅलकी गॉहनने आयुष्यात एकच आकडा खोटा लिहिला, आणि तोही स्वतःसाठी नाही, असं तो मनाशी म्हणायचा. मनाचं काय, ते काहीही ऐकून घेतं. रोज दाढी करताना तो हेच घोकायचा आणि रोज गालावर कुठेतरी कापून घ्यायचा. बायको, न्यूला, म्हणायची, "नवीन ब्लेड आण रे, नाहीतर दाढी तरी वाढव." ब्लेडचा काही दोष नव्हता.

आमच्या कॅरोव्हाना गावच्या पाण्याचं सगळं त्याच्या हातात. सरकारी नळ आमच्या टेकडीवर कधी चढलाच नाही. मग गावानेच आपापसात जमवून पायथ्याला बोअर घेतली, अर्ध्या टेकडीवर टाकी बांधली आणि पंपघराची किल्ली मॅलकीच्या बापाकडे दिली. बाप गेला, किल्ली मुलाकडे आली. दर सोमवारी सकाळी सात वाजता पंपघर उघडायचं, वजन बांधलेली फीत बोअरमध्ये सोडायची, पाण्याला टेकली की आकडा बघायचा आणि वहीत लिहायचं: पाणी इतक्या मीटर खाली. तेहतीस वर्षं. एक सोमवार चुकला नाही. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सोमवार होता, तर नव्या नवरीला हॉटेलात झोपलेली सोडून हा गडी फीत घेऊन पंपघरात हजर! न्यूला ते अजून उगाळते. पण त्यामुळेच "मॅलकीने लिहिलंय" म्हटलं की आमच्याकडे वाद मिटतो.

आता तो खोटा आकडा कसा लिहिला गेला ते ऐका.

तीन हिवाळ्यांपूर्वी अट्रॅक्टा मनेलीचा भाऊ एंडा वारला. आमच्याकडे कबरीचा खड्डा शेजारपाजारचे लोकच खणतात, भाड्याची माणसं नाही. त्या दिवशी खणायला पाच जण उभे राहिले आणि त्यातला सगळ्यात तरुण कोण, तर मॅलकी, वय वर्षं चौसष्ट. दोन फावडी मारायची आणि कमरेवर हात ठेवून उभं राहायचं, असं चाललं होतं. शाळेचा मास्तर फर्गस मध्येच म्हणाला, "पोरांनो, आपल्यातला शेवटचा जाईल त्याला स्वतःच खणून घ्यावं लागणार." सगळे हसले. मग कोणीच हसेना. मास्तरच्या शाळेत तेव्हा सतरा मुलं उरली होती. आणखी दोन गेली की दुसरी शिक्षिका जाणार, आणि एकशिक्षकी शाळेत कोण पोर घालतंय? शाळा गेली की गाव गेलं, हे आमच्या बाजूला शेंबड्या पोरालाही कळतं.

त्याच आठवड्यात अट्रॅक्टाने आपलं शेत द्यायचं ठरवलं. अट्रॅक्टाचं घर टेकडीवरचं सगळ्यात उंच, जवळपास टाकीच्याच उंचीला म्हटलं तरी चालेल. नवरा नाही, मूल नाही, आता भाऊही नाही. सात गाई आणि ती. घराखालचं गाढवाचं शेत तिने काउंटीच्या, म्हणजे जिल्हा कौन्सिलच्या, दोन टप्प्यांतल्या घरबांधणीला देऊ केलं, पडत्या भावात, पण एका अटीवर. वकिलाकडे नाही, स्वतःच्या स्वयंपाकघरात तिने ती अट घातली.

"मॅलकी, तू सांगशील तसं," ती म्हणाली होती. "पाणी पुरणार असेल तर घेऊ देत शेत. नाही पुरणार तर गाढवाचंच राहू दे. मला कागद वाचता येतात, पण पाणी वाचता येत नाही. ते तू वाच."

"मोजून सांगतो," मॅलकी म्हणाला.

आणि त्याने मोजलं. काउंटीच्या इंजिनिअरबाईंनी लिहूनच पाठवलं होतं: वर्षातल्या सगळ्यात कोरड्या आठवड्यात, पंप दिवसभर चालवून, मग पाणी कुठे आहे ते कळवा. सप्टेंबरात त्याने तसंच केलं. फीत खाली गेली, गेली, जातच राहिली, आणि एकतीस मीटरवर टेकली. पंप लटकलाय चौतीसवर. म्हणजे होतं त्या गावालाच जेमतेम पुरत होतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

मॅलकीने फीत वर ओढून गुंडाळली. मग मास्तरची सतरा मुलं आठवली. एंडाचा खड्डा आठवला. आणि खरं सांगायचं तर डब्लिनमधली आपली डर्वलाही आठवली. दोन लेकरं घेऊन ती भाड्याच्या दीड खोलीत राहत होती आणि फोनवर म्हणाली होती, "डॅडी, दुसऱ्या टप्प्यात एक घर आपलं होऊ शकतं ना?" तर 'स्वतःसाठी नाही' हेही खोटंच. त्याने फेब्रुवारीच्या पानावरचा आकडा बघितला, ओल्या, भरल्या फेब्रुवारीचा, आणि तोच सप्टेंबरचा म्हणून अर्जात उतरवला; एकतीस वहीत चढलाच नाही. एकोणीस मीटर. पुढे सही केली. सही नेहमीपेक्षा छान आली.

इंजिनिअरबाईंनी मागच्या वह्या मागितल्या, चाळल्या आणि म्हणाल्या, "अशा वह्या मला सगळ्या काउंटीत कुठे मिळत नाहीत हो." आणि मंजुरी दिली. तेहतीस वर्षांच्या खरेपणाने एक खोटं पाठीवर घेऊन पार केलं.

पहिल्या टप्प्याची चौदा घरं झाली. आणि काय सांगू, गावात जीव आला! रस्त्यावर सायकली, कुंपणावर वाळत घातलेले मोजे, शाळेत एकतीस मुलं. मास्तर दहा वर्षांनी लहान दिसायला लागला. अट्रॅक्टा तर दुपारी शाळा सुटायच्या वेळेला मुद्दाम फाटकापाशी उभी राहायची, नुसता गलका ऐकायला. "कानाला पथ्य सोडल्यासारखं वाटतं," म्हणायची. डर्वलाही लेकरं घेऊन आईबापाकडे येऊन राहिली. दुसऱ्या टप्प्यातलं तीन नंबरचं घर तिच्या नावाने ठरलं होतं, फक्त अखेरची मंजुरी यायची होती.

मग यंदाचा वसंत आला तो कोरडा. पूर्वेचा वारा सुटला आणि पाच आठवडे ढगाचा पत्ता नाही. एप्रिलच्या मध्यावर अट्रॅक्टाचा नळ खोकायला लागला. सकाळी चौदा घरांत आंघोळी सुरू झाल्या की टाकी उतरायची आणि सगळ्यात आधी सगळ्यात वरचा नळ कोरडा पडायचा. मॅलकीला ते न बघताच कळलं. चोराच्या मनात चांदणं.

"माझ्या नळाचं काहीतरी बिघडलंय रे," अट्रॅक्टा म्हणाली.

इथे त्याला सांगता आलं असतं. तोंड उघडलंही होतं त्याने. पण तोंडातून आलं ते असं: "पाइप जुना झालाय तुझा. आत चुना धरला असेल. बदलून देतो."

दोन दिवस खणलं त्याने. चाळीस मीटर पाइप उपसून काढला, एकटा, सहासष्टाव्या वर्षी. ती दर तासाला चहा घेऊन यायची आणि हळहळायची, "अरे, पाठ मोडेल तुझी!" पाठ मोडली असती तर त्याला बरंच वाटलं असतं. जुना पाइप आतून स्वच्छ होता, कालच बसवल्यासारखा. तिने डोकावून बघू नये म्हणून त्याने तो घाईघाईने गाडीत कोंबला. आणि शेवटचं ऐका. नळ सोडायच्या आधी तो खाली जाऊन नव्या घरांच्या पाण्याची चावी तासभर बंद करून आला. मग वर आला आणि म्हणाला, "सोड बघू आता." धबधब्यासारखं पाणी आलं. अट्रॅक्टाने टाळ्या वाजवल्या आणि त्याच्या हातात रुबार्बच्या आंबट देठांची टार्ट ठेवली, अजून गरम. ती टार्ट त्याने घरी नेली नाही. रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून अख्खी एकट्याने खाल्ली, आणि घशाशी आलं तरी खात राहिला.

दुसऱ्या दिवशी नळ परत कोरडा. पण अट्रॅक्टाचा फोन आला नाही. एक आठवडा गेला, दोन गेले. मॅलकीने मनाची समजूत घातली की चाललं असेल. वर जाऊन बघायचं मात्र त्याने टाळलं.

मे महिन्यात स्टेशनची पाळी अट्रॅक्टाच्या घरी आली. आमच्याकडे वर्षातून दोनदा एकेका घरी फादर येऊन मिस्सा, म्हणजे प्रभुभोजनाची प्रार्थना करतात, पाळीपाळीने; त्यालाच स्टेशन म्हणतात. पाळी आली की घराला रंग, फाटकाला रंग, आणि आतापर्यंत सोफ्याखाली ढकललेलं सगळं बाहेर. झाडून सगळं गाव येतं. आधी फादर मागच्या खोलीत बसून पापनिवेदन ऐकतात, मग मिस्सा, मग चहा, आणि खरी गर्दी चहालाच.

शनिवारी अकरा वाजता मॅलकी न्यूला, डर्वला आणि दोन नातवंडांना घेऊन वर गेला. घर झकास दिसत होतं. गोठ्यालासुद्धा चुना मारलेला, आतली जमीन धुतलेली, शेणाचा वाससुद्धा नाही. "बाई गं! गोठ्यात मिस्सा करायची की काय हिला?" न्यूला म्हणाली. मॅलकी हसला. स्वयंपाकघरात ओट्याखाली झाकलेल्या बादल्या ओळीने ठेवलेल्या त्याला दिसल्या, आणि हसू जागच्या जागी विरलं. जुन्या झऱ्याचं पाणी होतं ते. झरा रस्त्यापलीकडे, उतारावर. एकोणऐंशी वर्षांची बाई.

मागच्या खोलीबाहेर पापनिवेदनाची रांग होती. त्याच्यापुढे अट्रॅक्टाच होती. ती आत जाऊन आली ती एकदम मोकळी होऊन, आणि त्याच्या कानाशी लागली.

"सांगून टाकलं बाबा एकदाचं. महिनाभर छातीवर धोंडा होता."

"तुझं कसलं पाप?" तो म्हणाला. "मांजराला दूध द्यायला विसरलीस?"

"हसू नकोस. तू म्हणालास पाणी पुरेल, होय की नाही? आणि तुझा आकडा कधी चुकत नाही. मग नवा पाइप घालूनही पाणी येईना, मास्तर म्हणाला शाळेतली टाकीसुद्धा भरत नाही. मग मी विचार केला. पाणी आहे, पण पुरत नाही, म्हणजे कोणीतरी हक्काबाहेर पितंय. कोण? या घरांत लेकरं आहेत, ती पिणारच. मी एकटी म्हातारी, आणि माझ्या सात गाई. एकेक गाय दिवसाला पाच बादल्या पिते, मॅलकी! मी त्या लेकरांच्या तोंडचं पाणी गुरांना पाजत होते. मग मंगळवारी बाजारात नेऊन दिल्या. सातही." तिने नाक पुसलं. "जाऊ दे. आता सुटले. जा, फादर वाट बघतायत."

मॅलकी आत गेला.

फादर लॉर्कन तरुण होते, शहरातून आलेले. मॅलकीने गुडघे टेकले आणि सगळं सांगितलं, फीत, फेब्रुवारी, पाइप, चावी, सगळं. फादर लक्ष देऊन ऐकत होते.

"किती मीटरचा फरक म्हणालात?"

"बारा."

"बारा," फादर म्हणाले. "आणि हेतू गावाच्या भल्याचा होता. स्वतःवर फार कठोर होऊ नका. प्रायश्चित्त म्हणून तीन 'नमो मारिया' प्रार्थना म्हणा."

तीन! लहानपणी शेजाऱ्याची सफरचंदं चोरली तर पाच मिळाल्या होत्या. मॅलकीने त्या तीन तिथल्या तिथे म्हटल्या, आणि उठला तेव्हा होता तिथेच होता. उलट आता वाटलं, देवानेही हे झाकून टाकलं.

मिस्सा झाली. चहा सुरू झाला. झऱ्याच्या पाण्याचा चहा, खांदे भरून येईपर्यंत वाहून आणलेलं पाणी. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती, नव्या घरांतली माणसं, त्यांची पोरं, पायात पोरं, टेबलाखाली पोरं. अट्रॅक्टा मध्ये उभी राहिली आणि चमच्याने कप वाजवला.

"दोनच शब्द. माझ्यासाठी या माणसाने दोन दिवस खंदक खणलाय. एक दमडी घेतली नाही. त्याच्यासाठी टाळ्या वाजवा."

टाळ्या पडल्या. नातवाने तर शिट्टी मारली. मॅलकीच्या हातात अजून भरलेला कप होता.

"थांबा," तो म्हणाला. "थांबा. पाइप चांगला होता."

"ऐका, याचा विनय ऐका!" मास्तर ओरडला. सगळे हसले.

"पाइप चांगला होता, फर्गस. मी तिला फसवायला खणला. पाणी नाहीये. पहिल्या दिवसापासून नव्हतं. एकतीस मीटर खाली होतं, मी एकोणीस लिहिलं." तो नव्या घरांतल्या माणसांकडे वळला. "पाणी या घरांना पुरणार नव्हतं, हे मला माहीत होतं. आणि अट्रॅक्टाने गाई विकल्या. तिला वाटलं चूक तिची आहे. तिची नाही. माझी आहे."

मास्तर पुढे आला, त्याचा दंड धरला आणि हळू म्हणाला, "बस खाली. मंगळवारी दुसऱ्या टप्प्याची सही आहे. पाऊस येईल, सगळं भरेल. झाकली मूठ राहू दे, मॅलकी."

"डॅडी," डर्वला म्हणाली. बस, एवढंच. धाकटी तिला बिलगून उभी होती. तिने बापाकडे बघितलं आणि मग लेकरांचे कोट शोधायला लागली. हातात आलेला कोट दुसऱ्याच कोणाच्या पोराचा होता, तोच ती घालत बसली. न्यूला खाली मान घालून उभी होती. तिला माहीत होतं का? माहीत असावं. दाढीच्या जखमा तीच तर रोज पुसत होती.

मॅलकी अट्रॅक्टाकडे बघत राहिला. तिने शिव्या द्याव्यात, कप फेकून मारावा, काहीतरी करावं. ती आली आणि त्याच्या हातातला कप काढून घेतला. चहा तसाच होता, एक घोटही कमी नव्हता. तिने तो खिडकीतल्या जिरेनियमच्या कुंडीत सावकाश ओतला.

"पाणी फुकट घालवू नये," ती म्हणाली, आणि कप पालथा घातला.

या घरातून पन्नास वर्षांत कोणी चहा न पिता गेलं नव्हतं.

रविवारी मॅलकीने इंजिनिअरबाईंना पत्र लिहिलं. सप्टेंबरचा खरा आकडा लिहिला, एकोणीस कुठून उचलला तेही लिहिलं. ते पत्र टपालात टाकायला डर्वलाच घेऊन गेली. त्याला वाटलं, वाटेत फाडेल. नाही फाडलं. परत आली आणि म्हणाली, "टाकलं. आता माझ्याशी काही दिवस बोलू नका." आणि खरंच बोलली नाही. दुपारी तिने डब्लिनच्या मैत्रिणीला फोन केला, भाड्याच्या खोल्यांची चौकशी करायला. मॅलकी जिन्यात बसून सगळं ऐकत होता. नातवंडं गेली की शाळेत दोन कमी होणार. मास्तर त्याचं तोंड बघणार नाही, आणि का बघावं?

सोमवारी सातला तो पंपघराशी पोहोचला. दाराशी अट्रॅक्टा उभी होती, एंडाचे रबरी बूट घालून, डोक्याला रुमाल बांधून. एवढी टेकडी उतरून आलेली.

"उघड," ती म्हणाली.

त्याने उघडलं. फीत काढली. तिने हात पुढे केला, आणि त्याला उमजेपर्यंत फीत तिच्या हातात होती. तिने वजन बोअरमध्ये सोडलं, हळूहळू, एकेक मीटर बोटांतून जाऊ देत, शेतकरणीच्या पक्क्या हाताने. टेकल्याचं तिला कळलं. चष्मा पुसून तिने वाकून आकडा वाचला.

"बत्तीस. लिही."

त्याने लिहिलं. ती वहीत डोकावली, बत्तीसच लिहिलंय का ते बघितलं आणि फीत गुंडाळून खुंटीला लावली.

"अट्रॅक्टा," तो म्हणाला, "गाई कुणी नेल्या ते मी शोधतो. परत—"

"पुढच्या सोमवारीही येईन," ती म्हणाली. "त्याच्या पुढच्याही. मी वाचणार, तू लिहायचं."

"एवढा चढ उतार दर आठवड्याला? तुला झेपायचं नाही गं."

अट्रॅक्टा दारात थांबली. वर टेकडीवर तिच्या घराचा धूर दिसत होता आणि त्याच्याशेजारी पांढराशुभ्र रिकामा गोठा.

"सकाळी सातला मला आता दुसरं काम काय आहे?" ती म्हणाली, आणि चढायला लागली.